अरुंद पाणी

बर्फ पडू लागला की शहराचे निम्मे आवाज बंद होतात. मोटारी थांबतात, शाळांना सुट्टी मिळते, पावलांचा आवाज पायांखालीच विरतो. पण बंदराला बर्फाची सुट्टी नसते. समुद्रावर पडणारा बर्फ पडता पडताच नाहीसा होतो. पाण्याला त्याचे ओझे म्हणून होत नाही. वारा फार माजला तर बोटी बाहेर नांगर टाकून वाट पाहतात, नुसत्या बर्फाला मात्र त्या जुमानीत नाहीत. भरती आपल्या ठरल्या वेळी चढते, ओहोटी ठरल्या वेळी उतरते, आणि त्या हिशेबाने ज्यांचा दिवस चालतो ते पायलट, तांडेल, टगबोटींवरचे खलाशी कामावर हजर असतात. म्हणून ज्या दिवशी रस्त्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही, त्या दिवशी मी बंदर पाहत बसते.

हे बंदर न्यूयॉर्कचे. पण न्यूयॉर्क म्हटल्यावर उंच इमारती आणि मशाल धरलेली ती बाई डोळ्यांपुढे येत असेल, तर ते चित्र जरा बाजूला सारावे लागेल. मॅनहॅटनहून नारिंगी रंगाच्या फेरीबोटीत बसले की पंचवीस मिनिटांत स्टॅटन आयलंड येते. या बेटाच्या उत्तरेकडून पाण्याची एक चिंचोळी पट्टी जाते. तिचे नाव किल व्हॅन कल. डच लोक इथे वसाहत करून होते त्या काळातले हे नाव. 'किल' म्हणजे ओढा किंवा खाडी. लांबी सुमारे तीन मैल, रुंदी साधारण हजार फूट. पलीकडच्या काठावर न्यू जर्सीतले बेयॉन गाव, त्याच्या तेलाच्या टाक्या आणि धक्के. अलीकडच्या काठावर माझ्या लेकीचे घर. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ही खाडी दिसते. माझ्या वाट्याला आलेले न्यूयॉर्क ते एवढेच, आणि मला ते पुरते.

एवढ्याशा पाण्यातून जे जाते ते पाहिले म्हणजे मात्र छाती दडपते. न्यूअर्क आणि एलिझाबेथ ही या बंदराची मोठी मालधक्क्यांची ठाणी या खाडीच्या पलीकडे, आतल्या उपसागरात आहेत. पेट्यांत भरून माल समुद्रापार धाडण्याच्या आजच्या रीतीची सुरुवातही तिथलीच. १९५६ सालच्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन या माणसाने 'आयडियल एक्स' नावाच्या जुन्या तेलबोटीवर ५८ पेट्या चढवून ती न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवली. आज ज्या बोटी येतात त्यांच्यावर अशा पेट्यांचे सहा-सात मजले रचलेले असतात. २०१७ सालच्या सप्टेंबरात चौदा हजारांहून अधिक पेट्या वाहण्याची ताकद असलेली पहिली बोट इथून गेली. तिची लांबी बाराशे फूट होती. खाडीची रुंदी हजार फूट आणि बोटीची लांबी बाराशे! ती आडवी झाली तर दोन्ही काठांना टेकेल. एकदा आत शिरल्यावर तिला मागे वळायची सोय नाही.

या बोटींसाठी पूलसुद्धा वर उचलावा लागला. बेयॉनचा पोलादी कमानीचा पूल १९३१ सालचा, ओथमार अम्मान या नामांकित स्थापत्यज्ञाने बांधलेला. पाण्यापासून त्याची उंची १५१ फूट. त्या काळी ती कुणालाही पुरेशी वाटली असती. पुढे बोटी इतक्या उंच झाल्या की त्यांची डोकी पुलाला लागू लागली. तेव्हा कमान तशीच ठेवून तिच्या पोटातला रस्ताच ६४ फूट वर नेण्यात आला. मी २०१६ साली पहिल्यांदा इथे आले तेव्हा हे काम चालू होते. खालच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि त्याच्याच डोक्यावर नवा रस्ता आकार घेत होता. पुढच्या वर्षी जुना रस्ता काढून टाकला आणि खालचे पाणी मोकळे झाले.

त्याच वर्षी मी या काठावर आणखी एक नवल पाहिले. पाण्याच्या कडेला मिठाचा डोंगर उभा होता. मीठ म्हणजे खाण्याचे नव्हे, बर्फ पडल्यावर रस्त्यांवर टाकण्याचे. चिलीसारख्या दूरच्या देशांतून बोटी भरभरून हे मीठ इथे येई, आणि बर्फाची चाहूल लागली की मालमोटारींची रांग त्या डोंगराशी लागे. आमच्या लहानपणी मिठागरे पाहिली ती उरणची, वडाळ्याची. उन्हात चमकणारे ते ढीग. इकडे त्याच मिठाला बर्फाशी झुंजायला लावतात. रस्ते बंद पडले तरी चालतील, बंदर बंद पडून चालणार नाही, हे मला त्या दिवशी उमगले. कारण रस्ते मोकळे करणारे मीठही बोटीतूनच येते. आमच्या स्वयंपाकघरातली तूरडाळसुद्धा न्हावाशेव्याहून पेटीत बसून याच खाडीने आली असणार.

बोटींचे वेड मला लहानपणापासून. माझे वडील मुंबईच्या गोदीत कारकून होते आणि आम्ही माझगावला राहत असू. घरात दोन कॅलेंडरे असत. एकावर एकादशी-चतुर्थी आणि दुसऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा. प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक यांचे दरवाजे भरतीच्या सुमारास उघडत. त्यामुळे वडील केव्हा येतील हे घड्याळापेक्षा चंद्राला विचारणे बरे, असे आई म्हणायची. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बंदरातल्या साऱ्या बोटी एकदम भोंगे वाजवीत, आणि आम्ही भावंडे पांघरुणातून उठून बसत असू. वडील एकदा म्हणाले होते, "कॅप्टनला वादळाचे एवढे भय नसते, जेवढे शेवटच्या मैलाचे असते." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. तो या खिडकीत बसून कळू लागला.

जानेवारीतला एक दिवस सांगते. पहाटेपासून बर्फ पडत होता. पलीकडच्या टाक्या दिसेनाशा झाल्या होत्या, पूल तर नाहीसाच झाला होता. अशा वेळी बोट आधी ऐकू येते आणि मग दिसते. धुके असो की बर्फ, दिसेनासे झाले की चालत्या बोटीने दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यायचा, आणि जी बोट दुसरीला ओढते किंवा ढकलते तिने एक लांब आणि त्यामागून दोन आखूड भोंगे द्यायचे, असा दर्यावर्दी लोकांचा कायदा आहे. मी चहाचा कप घेऊन बसले होते. पूर्वेकडून एक खोल, रुंद आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला, जरा जवळून. मग त्या पांढऱ्यातून काळसर भिंतीसारखे काही तरी पुढे सरकू लागले. आधी नाळ आली, मग पेट्यांचे मजले, आणि सर्वांत वरच्या पेट्यांवर बर्फाचा स्वच्छ थर. कुठल्या उन्हाळी समुद्रातून ती आली होती कोण जाणे. आठ-दहा दिवसांपूर्वी तिच्या डेकवर उघड्या अंगाने माणसे वावरली असतील.

आणि तिच्या भोवती तीन टगबोटी. एक पुढे नाळेपाशी, एक कुशीला, एक मागे. बोटीशी तुलना केली तर हत्तीभोवती मांजरे. टगची लांबी फार तर शंभर फूट. पण तिच्या पोटात जवळजवळ सगळे इंजिनच असते; पाच-सहा हजार अश्वशक्ती त्या एवढ्याशा देहात कोंबलेली असते. नव्या टगचे पंखे पाण्याखाली चहूकडे फिरतात, त्यामुळे ती पुढे जाते तितक्याच सहजपणे आडवी सरकते, मागे येते, जागच्या जागी गिरकी घेते. तिच्या नाळेला रबराच्या जाड गाद्या असतात, बाजूंना जुने टायर टांगलेले असतात. पूर्वी झिजलेल्या दोरखंडांची वीण करून ती नाळेवर बसवीत. जुन्या छायाचित्रांत त्या टग दाढीवाल्या म्हाताऱ्यांसारख्या दिसतात. दिसायला ओबडधोबड खरे, पण ज्याला दिवसभर दुसऱ्याच्या अंगाला अंग लावायचे आहे त्याला मऊ कडा हव्यातच.

मला सर्वांत नवल वाटते ते मागच्या टगचे. पुढची ओढते, कुशीची ढकलते, हे समजते. मागची मात्र दोराने बांधलेली नुसतीच फरफटत जाताना दिसते. पुष्कळ दिवस पाहिल्यावर ध्यानात आले की तिचे काम आवरून धरण्याचे आहे. बोट जास्त पुढे जाऊ लागली की ती मागे खेचते. बोटीची मागची बाजू प्रवाहाने वाहवत जाऊ लागली की उलट दिशेला जोर लावते. एकाच बोटीला एक पुढे ओढते आहे आणि एक मागे. आणि दोघींचा हेतू तोच, तिला सुखरूप न्यावे.

एवढी प्रचंड बोट, अख्खा महासागर जी एकटी ओलांडून आली, तिला शेवटच्या तीन मैलांत या तिघींची गरज का पडावी? तिचे इंजिन बिघडलेले नाही. तिचा कॅप्टन अनाडी नाही. कारण अगदी साधे आहे. सुकाणू म्हणजे पाण्यात उभी धरलेली एक फळी. तिच्यावरून पाणी वेगाने वाहत असते तोवर ती बोटीला वळवते. बोटीचा वेग मंदावला की पाण्याचा जोर कमी होतो आणि सुकाणू हळूहळू ऐकेनासे होते. भर समुद्रात वेग असतो, म्हणून बोट स्वतःची मालकीण असते. अरुंद पाण्यात वेग ठेवता येत नाही. काठ जवळ, प्रवाह आडवा, वळण तोंडावर. पुलाखालून गेल्यावर बर्गन पॉइंटला तर काटकोनासारखे वळण आहे. म्हणजे ज्या ठिकाणी नेमके वळायला हवे, नेमक्या त्याच ठिकाणी वळण्याची शक्ती कमी झालेली असते. मग दुसऱ्या कुणी तरी कुशीला खांदा लावावा लागतो.

हे मला समजले त्या दुपारी मी बराच वेळ गप्प होते. लेकीने विचारले, "आई, बरे वाटत नाही का?" मी म्हटले, "बरे आहे गं. बोट पाहते आहे."

माझे वय आता शहात्तर. चौतीस वर्षे शाळेत शिकवले. हे गेल्यावर माझगावचे घर एकटीने चालवले. बँक, बिले, गळके छप्पर, सोसायटीच्या सभा, सगळे निभावले. त्या काळात वेग होता. आता इथे, बर्फाळ पायवाटेवर, लेक माझ्या कोपराला धरून चालते. बारा वर्षांचा नातूसुद्धा दुसऱ्या बाजूने येतो आणि मोठ्या माणसासारखा म्हणतो, "आजी, इथे काळा बर्फ आहे, पाय जपून टाक." काळा बर्फ म्हणजे रस्त्यावर गोठलेला, डोळ्यांना न दिसणारा पातळ थर. मी त्याला चालायला शिकवले होते, ते माझगावच्या गॅलरीत, माझ्या दोन बोटांना धरून. कोपराला लागलेला तो हात मला आवडतो आणि खुपतोही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. लेक म्हणते, आता इथेच राहा. माझगावचे घर विकायचे की कुलूप लावून ठेवायचे, हा प्रश्न गेले वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या वाटीसारखा रोज मांडला जातो आणि रोज उचलून ठेवला जातो.

टगबोटींकडे पाहताना मनाला एक धीर येतो, तो असा. बोटीला ओढून नेताना कुणी तिची कीव करीत नाही. टग जवळ येते, दोर घेते, काम सुरू होते. या बंदरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मायकेल मोरान हा आयर्लंडहून आलेल्या कुटुंबातला मुलगा ईरी कालव्यावर खेचरे हाकीत असे. काठावरून खेचरे चालायची आणि पाण्यातला पडाव ओढायची. १८६० साली त्याने एका टगबोटीत अर्धी भागी विकत घेतली. आज काळ्या धुराड्यावर पांढरा एम मिरवणाऱ्या टग दिसतात त्या त्याच घराण्याच्या नावाच्या. चार वर्षांनी, १८६४ साली, जेम्स मॅकॅलिस्टर या दुसऱ्या आयरिश माणसाने एका शिडाच्या पडावावर आपला धंदा सुरू केला. त्याचेही नाव या पाण्यावर अजून फिरते आहे. दोघेही परदेशातून आलेले, आणि दोघांनीही धंदा काढला तो इतरांना बंदरात आणून पोहोचवण्याचा.

या छोट्या बोटींवाचून केवढे अडते ते न्यूयॉर्कने एकदा भर हिवाळ्यात अनुभवले आहे. १९४६ सालच्या फेब्रुवारीत टगबोटींवरच्या सुमारे साडेतीन हजार कामगारांनी संप केला. त्या वेळी शहराला लागणारा कोळसा आणि तेल पडावांतून येई, आणि पडाव ओढायच्या त्या टगनी. थोड्याच दिवसांत शहराचा साठा तळाला गेला. १२ फेब्रुवारीला महापौर ओड्वायर यांनी शाळा, दुकाने, नाटकगृहे, उपाहारगृहे बंद ठेवण्याचा हुकूम काढला. जगातले सर्वांत गजबजलेले शहर एक दिवसभर निपचित पडून राहिले. सहाच दिवसांनी, त्याच महिन्याच्या १८ तारखेला, मुंबईत 'तलवार' वर नाविकांनी बंड पुकारले, आणि त्यांच्या पाठीशी मुंबईचे गिरणीकामगार रस्त्यावर उतरले. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण मला त्या दोन्ही एकत्रच आठवतात. वडील त्या दिवसांबद्दल सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे. डेकखाली राहणाऱ्या माणसांनी हात आखडले की वरच्यांना ती आहेत हे कळते.

आता त्या दिवशीच्या खलाशाचेच पाहा. बोट माझ्या खिडकीसमोर आली तेव्हा कुशीच्या टगवर एक माणूस उभा होता. नारिंगी कोट, डोक्यावर टोपी, खांद्यांवर बर्फ. वरून बोटीवरच्या माणसाने एक बारीक दोरी खाली सोडली. याने तिला आपला जाड दोर बांधला, आणि तो दोर सापासारखा वर चढत गेला. डेक निसरडा, खाली गोठवणारे पाणी. एक पाय घसरला तर काही मिनिटांचा प्रश्न. यातले पुष्कळ लोक दोन आठवडे टगवर आणि दोन आठवडे घरी अशा पाळीने राहतात. बोटीवर चढलेला गोदी-पायलट रेडिओवरून हुकूम देतो, आणि टगचा कप्तान पुष्कळदा एक बारीक शिट्टी देऊन तो पोचल्याचे कळवतो. त्या अजस्र भोंग्यानंतर ही शिट्टी ऐकली की मला आमच्या शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीची आठवण होते. हजेरीला 'उपस्थित' म्हणायची, पण इतक्या हळू की मला पुन्हा विचारावे लागे.

तरीही धीर येतो म्हणून भीती जात नाही. ओढून नेणे दोन प्रकारचे असते. टर्नर या इंग्रज चित्रकाराने १८३९ साली एक प्रसिद्ध चित्र प्रदर्शनात मांडले. 'टेमरेअर' हे ट्रफाल्गरच्या लढाईत गाजलेले जहाज एक बुटकी, काळी, धूर ओकणारी टगबोट ओढून नेते आहे. मागे सूर्य मावळतो आहे. जहाज चालले आहे ते मोडीत निघायला. पाहणाऱ्यांना त्या जहाजाचे वाईट वाटते आणि टगचा राग येतो. आमच्या 'विक्रांत'ची गोष्ट काही वेगळी नव्हती. १९७१ च्या युद्धातली ती विमानवाहू बोट पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ साली तिला ओढत दारूखान्याला नेले आणि तिथे तिचे तुकडे झाले. दारूखाना आमच्या माझगावपासून किती लांब! लहानपणी आम्ही तिकडचा हातोड्यांचा आवाज घरात ऐकत असू. आणि या बेटाच्या पश्चिमेला आर्थर किल नावाची दुसरी खाडी आहे. तिच्या चिखलात मोडकळीला आलेल्या बोटी गंजत पडल्या आहेत. त्यांत टगबोटीही आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांना ओढले म्हणून त्यांना कुणी वेगळी जागा दिलेली नाही.

तेव्हा कोपराला हात लागला की मनात प्रश्न येतो, हा दोर कुठला? धक्क्याकडे नेणारा की दारूखान्याकडे? मला वाटते, या वयाच्या प्रत्येकाच्या मनात तो येत असेल. तोंडाने कुणी विचारत नाही, कारण मुलांना वाईट वाटेल.

दुपारी बर्फ थांबला. आम्ही दोघी बाहेर पडलो आणि किनाऱ्याच्या रस्त्याने सेलर्स स्नग हार्बरपर्यंत गेलो. रॉबर्ट रँडल नावाच्या धनिकाने १८०१ साली मृत्युपत्र केले, की आपल्या मिळकतीतून थकलेल्या, निराधार खलाशांसाठी घर बांधावे. ते १८३३ साली इथे उघडले. ग्रीक देवळांसारखे उंच खांब असलेल्या इमारती रांगेने खाडीकडे तोंड करून उभ्या आहेत. एके काळी शेकडो म्हातारे दर्यावर्दी इथे राहत असत. १९७६ साली संस्था दुसऱ्या राज्यात हलली आणि आता या वास्तूत कलाकेंद्र आहे. फाटकासमोरचा रस्ता ओलांडला की पाणीच. ते म्हातारे इथे येऊन काय करीत असतील हे सांगायला इतिहासकार नको. बोटी पाहत असतील, पायलट चुकला तर त्याला नावे ठेवीत असतील, आणि आपल्या वेळी हे काम कसे होत असे ते एकमेकांना न कंटाळता सांगत असतील. आमच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाच्या रांगेत दुसरे काय चालते?

तिथून पूर्वेला पाहिले तर खाडीच्या तोंडाशी रॉबिन्स रीफचे दीपगृह दिसते. समुद्रात उभे केलेले लोखंडी डबड्यासारखे. तिथला दिवा सांभाळणारा जॉन वॉकर १८९० साली न्यूमोनियाने वारला, आणि मग त्याची बायको केट दिवा सांभाळू लागली. जर्मनीहून आलेली, पावणेपाच फुटांच्या थोडी वर उंची, पदरात मुले. ती मुलांना होडीतून वल्हवीत शाळेत पोहोचवी. १९१९ पर्यंत ती तिथे राहिली आणि पन्नासएक माणसांना तिने बुडता बुडता वाचवले असे म्हणतात. पण मला तिची आठवण राहते ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या दीपगृहात ती पहिल्यांदा आली तेव्हा चहूकडे पाणी पाहून तिला इतके एकटे वाटले की ट्रंका उघडायला ती तयार होईना. मग हळूहळू, एकेक वस्तू करीत, तिने त्या उघडल्या. हे तिनेच पुढे सांगितले आहे. वादळात होडी घालणारी बाई, पण ट्रंक उघडायला तिला वेळ लागला.

आम्ही उभ्या होतो तेवढ्यात पुलाच्या बाजूने एक बोट बाहेर निघाली. सकाळची नव्हे, दुसरीच. माल उतरवून, चढवून परत निघालेली. तिच्याही अंगाला टगबोटी लागल्या होत्या. इतके दिवस पाहूनही मी बोटी आत येतानाच मोजल्या होत्या बहुधा, कारण हे दृश्य त्या दिवशी मनात नव्याने शिरले. ज्या टग बोटीला आत आणतात त्याच तिला बाहेरही नेतात. धक्क्यापासून सोडवतात, बर्गन पॉइंटचे वळण पार करून देतात, खाडीच्या तोंडापर्यंत सोबत करतात. तिथे पाणी रुंद झाले, बोटीने वेग धरला, सुकाणू पुन्हा ऐकू लागले, की दोर सुटतो. टग एक शिट्टी देते आणि वळते. बोटीला ती विचारीत नाही की पुन्हा केव्हा येशील, आणि येऊ नकोस असेही म्हणत नाही.

"आई, थंडी वाजते का?" लेकीने विचारले. तिचा हात माझ्या कोपराला होताच.

"वाजते," मी म्हटले. "पण ती टग धक्क्याला लागेपर्यंत थांबू."

ती थांबली. तिला ऑफिसचे काम होते, घरी गेल्यावर तिला ते रात्री जागून करावे लागले असेल. टगबोट एकटीच परत येत होती, ओझ्यावाचून, जरा भराभर. तिच्या डेकवरचा माणूस दोर गुंडाळून ठेवीत होता.

घराचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. मार्चमध्ये मी मुंबईला जाऊन येणार आहे, तेव्हा बघू. मात्र त्या संध्याकाळी मी बॅगेतली चार पातळे आणि ह्यांचा फोटो काढून कपाटात ठेवला. बाकीचे सामान अजून बॅगेत आहे. लेकीने कपाट उघडले तेव्हा पाहिले असणार. ती काही बोलली नाही, फक्त वरच्या खणातले स्वतःचे स्वेटर काढून तिने तो रिकामा करून ठेवला.